पगार पोरीचा, विड्या अम्मीच्या

वडशात आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एड.चं वर्ष संपत आलं तेव्हा चामोर्शीहून स्थळ आलं. पाहुणे येताच अम्मीनं विड्या वळायचं सूप खाटेखाली सरकवलं.

पाहुण्यांनी हुंडा मागितला नाही. स्वयंपाक येतो का, हेसुद्धा विचारलं नाही. मला तिथेच शंका आली.

"नोकरी कवा लागन पोरीले?" मुलाच्या आईनं विचारलं. चहा संपायच्या आत पुन्हा, "सरकारी शाळा भेटन का खाजगी?"

अब्बा भातगिरणीत हमाली करायचे, बोलणं कमी. पण त्या दिवशी म्हणाले, "बाई, एक गोष्ट साफ असू द्या. आपल्या शरियतमंदी घरखर्च नवऱ्यावर. पोरीचा पगार पोरीचा. तिनं खुशीनं देल्ला तं तिची मर्जी. निकाहनाम्यात तशी शर्त लिहून घेऊ."

बाईंचं हसू थांबलं. "मंग तिच्या नोकरीचा आमाले फायदा काय?"

मुलानं कप खाली ठेवला. "घरी इचारून सांगतो," म्हणत ते उठले.

मला अब्बांचा फार अभिमान वाटला. अम्मीनं मात्र सूप पुढे ओढलं आणि तेंदूपत्ता कापता कापता विचारलं, "काहो, हे शरियत आजच आली का वडशात? माह्या विड्यायचा पैसा तं तुमच्याच खिशात जाते."

दर शनिवारी विड्या कारखान्यात पोचवून मजुरी आणायचे ते अब्बाच.

"घरातच तं लागते," अब्बा म्हणाले.

"ते बाईबी तेच म्हनत होती."

माझी फी त्याच पैशातून भरली जायची. कोणाच्या बाजूनं बोलावं, मला कळेना. मी कपबशा उचलल्या.

चामोर्शीहून निरोप आलाच नाही. शनिवारी अब्बांनी विड्यांची सगळी मजुरी अम्मीच्या हातावर ठेवली.

"काऊन? पोरीले दाखवाले?" अम्मीनं विचारलं.

"तुये पैसे हायेत."

अम्मीनं नोटा उलटसुलट करून पाहिल्या, मग अब्बांकडे पाहिलं. "अन् तेल कोन आनन?"

अब्बांनी तेलाची बाटली उचलली आणि बाहेर पडले. ते वळणाआड जाईपर्यंत अम्मी दारात उभी होती. मग तिनं पैसे कमरेला खोचले.

पुढच्या शनिवारी अब्बा उठायच्या आधीच तिनं विड्यांची टोपली डोक्यावर घेतली.

"चाल," ती मला म्हणाली, "कारखाना कुठी हाये ते तूबी पाहून घे."