दामोदरभाऊंची आडवी बाटली

पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दामोदरभाऊंनी चहाचा कप नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मला वाटलं, दूध नासलं. कप परत मागितला, तर म्हणाले, "दूध चांगलं आहे, वहिनी. जीभ घाई करते, म्हून मी पहिले नाकाले विचारतो."

बाळांनो, तुमच्या तिकडे परदेशात जेवणाच्या टेबलावर रेड वाईन सहज येते. म्हणून या शेजाऱ्याबद्दल तुम्हाला सांगावंसं वाटलं. दामोदरभाऊ आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बपेरा गावच्या, धान पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी नाशिककडे द्राक्षमळ्यात छाटणीला गेले आणि शेवटी तिथल्या वाईनच्या कारखान्यात, कोणत्या पिंपातली वाईन तयार झाली, ते चाखून ठरवू लागले. त्यांच्या पत्नी सुमनबाई सासू-सासऱ्यांपाशी इकडेच राहिल्या. नवरा काय करतो असं कुणी विचारलं की सांगत, "यायची द्राक्षाची नोकरी आहे." वाईन हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

निवृत्त होऊन भंडाऱ्याला आले, तेव्हा भाऊंनी एकच बाटली आणली. स्वतः लावलेल्या वेलींची, कारखान्यातली सगळ्यात उंची रेड वाईन. मला म्हणाले, "सुमननं पिऊ नये, वहिनी. एकदा वास घ्यावा फक्त. इतके वर्षं मी घर सोडून काय करत होतो, ते तिले समजलं पायजे."

सुमनबाई ऐकेनात. त्यात बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, असा भाऊंचा आग्रह.

"आडवी बाटली दिसली का लोक म्हणतीन, माणूसही आडवाच पडत असन," सुमनबाई म्हणाल्या.

शेवटी तह झाला. बाटली धानाच्या कोठीत गेली, धानाखाली, आडवी.

मग एका उन्हाळ्यात भाऊ डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नागपूरला राहिले. परत आले ते सरळ कोठीकडे. कोठीत बाटली नाही.

"तिथं पाहा, माठामागं," सुमनबाई म्हणाल्या. "कोठी तापून राहिली होती. तुमीच म्हणत होते ना, तिले गरमी सोसत नाही."

माठामागे बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. आडवीच. सुमनबाईंनी उन्हाळाभर तिच्यावर पाणी शिंपडलं होतं. भाऊंनी गोणपाट सोडलं आणि त्यांचा चेहरा पडला. लेबलाचा लगदा झाला होता. मळ्याचं नाव गेलं, साल गेलं. उरली नुसती काळी काच.

"आता हे कुठली, ते कसं सांगाचं?" ते पुटपुटले.

मी म्हटलं, लोणच्याच्या बरण्यांना लावते तशी नवी चिठ्ठी लिहून देते.

"चिठ्ठी कायले, वहिनी?" सुमनबाई म्हणाल्या. "यायचं नाक आहे ना. रोज माह्या चहाले लावतात, आज तिले लावू द्या."

भाऊंनी त्याच संध्याकाळी बूच काढलं. आमच्याकडचे काचेचे पेले मागवले. पेला हलवला, नाकाशी धरला आणि सांगू लागले. "हे जांभूळ. हे मिरं. हा मुरूम, टेकडीच्या उताराचा. तिथं पाणी थांबत नाही, म्हून मुळं खोल जातात. द्राक्ष लहान होते, पण रस दाट. दिवसा ऊन, रात्री गारवा. रंग सालीतून आला. आन हा धुराचा वास ओकच्या लाकडाच्या पिंपाचा."

सुमनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढे आल्या आणि पेला नवऱ्याच्या हातातून घेतला. घाई केली नाही.

"आपल्या बपेऱ्याच्या तळ्यावर जांभळं पडून राहतात, ओल्या मातीत," त्या म्हणाल्या. "तसा वास आहे."

भाऊंनी त्यांच्या हातातल्या पेल्यावर वाकून पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, "बरोबर."

"आता पिऊन घ्या तुमी," पेला परत देत त्या म्हणाल्या. "अन् आडवे पडू नका."

गेल्या हिवाळ्यात दामोदरभाऊ गेले. भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने हळूच विचारलं, "भाऊजी नाशिकले द्राक्षाच्या नोकरीत होते ना?"

"वाईन बनवत होते," सुमनबाई म्हणाल्या. "लाल. टेकडीवरच्या द्राक्षाची." मग सुमनबाई त्या बाईजवळ सरकल्या आणि मुळं खोल का जातात, ते तिला समजावून सांगू लागल्या.