खांद्याची परवानगी
सांगलीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे आणि कॉलेजात मी शिकवतेही, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांवर चिडायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालते. नवं यंत्र आलं की आमच्यातले निम्मे त्याला ओवाळायला धावतात आणि निम्मे नाक मुरडतात. मी दोन्हींत नाही. एआयचं ते अ‍ॅप दवाखान्यात मीच आणलं. पेशंटनं घरी मोबाइलसमोर व्यायाम करायचा, हात किती वर गेला ते अ‍ॅप कॅमेऱ्यातून ओळखतं आणि रिपोर्ट आमच्याकडे येतो. लांबच्या लोकांचे एसटीचे हेलपाटे वाचतात.

तासगावकडच्या एका बाईंचा उजवा खांदा आखडला होता. स्वतःची वेणी घालता येईना. व्यायामानं फरक पडला नाही तर भूल देऊन खांदा मोकळा करू, असं सर्जननी सांगून ठेवलं होतं. बाईंनी भुलीची धास्ती घेतली होती. "भूल दिली आन् उठलेच न्हाई तर वो, मॅडम?" असं दर खेपेला विचारायच्या.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीनं त्यांना अ‍ॅप लावून दिलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला, हात खांद्याच्या वर जातच नाही. मुलीनं खाली शेरा मारला: पेशंट सहकार्य करत नाही, सर्जनकडे पाठवावं. माझी सही तेवढी राहिली होती. पेशंटला बघितल्याशिवाय मी सही करत नाही. बाईंना बोलावून घेतलं.

बरोबर सासरे आले. फौजेतून निवृत्त, आवाज अजून परेडचा. "मॅडम, मी सोता म्होरं खुर्ची टाकून करून घेतो. एक दो, एक दो! एक दिस चुकवला न्हाई. तुमचं मशीन खोटं बोलतंय." बाई मागे डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या.

म्होरं खुर्ची टाकून! मी सासऱ्यांना बाहेर बसवलं आणि दार लावलं. "आता करा बघू." हात खांद्यापर्यंत आला, थोडा घुटमळला, मग वर गेला. पदर घसरून खाली आला, हात कानाच्याही वर. बाई हसल्या.

"मामांच्या म्होरं पदर पडाय नको म्हणून तितंच थांबवते. एकली असले की जातोय. आज येणी बी मीच घातली."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई."

मला संताप आला, आणि तो यंत्राचा नव्हे. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. हात का थांबतो हे विचारणं आमचं काम होतं, आणि त्या न विचारण्यापायी एका बाईला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवायला आम्ही निघालो होतो.

"अ‍ॅपमध्ये संमतीचं बटण कुणी दाबलं?" शेजारी उभ्या असलेल्या त्या शिकाऊ मुलीला मी विचारलं.

"घरच्यांनी. म्हणजे सासऱ्यांनी."

"खांदा घरच्यांचा आहे का गं?"

मुलगी लाल झाली, पण गुणाची. शेरा खोडला, बाईंशेजारी बसली आणि व्हिडिओ कुठं जातो, कोण बघतं, नको म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत, सगळं नीट सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "अ‍ॅप ऱ्हाऊ द्या मोबाइलवर. पर माजघरात लावीन, दार लावून. आन् मामांना तुमी सांगा."

मी सर्जनना फोन करून भुलीची गरज नाही म्हणून कळवलं आणि सासऱ्यांना आत बोलावून खरं कारण सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आवं, मला काय ठावं? मी बाहीर बसून मोजीन की."

संमती नव्यानं घ्यायची होती. मुलीनं टेबलावरचा मोबाइल पुढे केला, आणि सवयीनं सासऱ्यांचंच बोट बटणाकडे निघालं.

"मामा," बाई म्हणाल्या, "मी दाबते."

त्यांनी डाव्या हातानं पदर धरला आणि उजवा हात पुढे केला.