साडूभाऊ आणि शेजारचे देश

शेजारच्या देशात लष्कर आलं म्हणून ज्याला इथे जेवण जात नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ते स्टोअरकीपर होते. दिवस नटबोल्टांत जाई, संध्याकाळ ट्रान्झिस्टरला कान लावून. भिंतीवर नकाशा होता. निवडणूक झालेल्या देशात हिरवी टाचणी, लष्कर आलं की लाल. तब्येत विचारावी तर म्हणत, "माही ठीक आहे गा, ब्रह्मदेशाची बरी नाही."

त्यांना छळणारा प्रश्न एकच. "इंग्रज तोच होता, गेलाही एकाच सुमाराले. मंग सिलोनात हरलेलं सरकार मुकाट घरी जाते, अन् ब्रह्मदेशात लष्कर बसते ते हालतच नाही. काहून?" उत्तर दर महिन्याला बदले, कधी शाळा, कधी फौज, कधी लोकांचा स्वभाव. माझ्या पुतणीच्या लग्नात नेपाळात पशुपतिनाथ करून आलेला एक वऱ्हाडी त्यांनी गाठला. तिथले लोक टपरीवर राजाबद्दल काय बोलतात, हे त्यांना हवं होतं. तो बिचारा म्हणाला, "टपरीवर मी चहाच पेलो जी."

कॉलनीतलं वाचनालय त्यांनीच उभं केलं. पहिल्या दिवसापासून चिटणीस तेच. दरवर्षी सभेत कोणीतरी त्यांचं नाव सुचवी आणि लगेच चिवडा येई. नियमांत निवडणुकीचं कलम त्यांनीच घातलं होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नव्हती. एका वर्षी बॉयलरवरचा एक तरुण फिटर उभा राहिला. साडूभाऊ इतके खूश, की मतपेटीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकली. आणि त्याच निवडणुकीत पडले.

दुसऱ्या संध्याकाळी मी वाचनालयात गेलो, तर ते टेबलामागे नेहमीच्या खुर्चीत. फिटर समोर अवघडून उभा. वाचकांनी पेपर उघडले होते, पण पान कोणी उलटत नव्हतं. त्यांनी एखादी हरकत काढावी असं, खरं सांगतो, मलाही वाटत होतं.

"बसा न भाऊ, तुमीच बसा," फिटर म्हणाला. "कागदावर नाव माहं राहील, कारभार तुमीच पाहा."

 साडूभाऊ टेबलाला हात टेकून सावकाश उठले. "तसं नाही चालत गा." माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इतके वर्षं मी त्या लष्करवाल्यायले नावं ठेवून राहिलो. उठणं इतकं जड जाते, हे कोणी सांगतलंच नाही मले."

ते वाचकांच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. पाठ टेकायला काही नव्हतं, म्हणून ताठच बसून राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पुढे कधीतरी सांगू म्हटलं. ते गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं.