सासू-सुनेच्या अक्कलदाढा

बातमी आली तेव्हा मी बारामतीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. सासऱ्यांनी मला स्वतःहून कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. "वैशाली, ती गेली गं…" एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद करायचं विसरून गेले. कितीतरी वेळ मला आमच्या कळस गावच्या गोठ्यातले आवाज ऐकू येत राहिले… म्हशीच्या गळ्यातली घंटा, कुणाचं तरी पळत येणं. सकाळचा चहा पिऊन, पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याला चार शब्द सुनावून आत्या गोठ्याजवळच्या खुर्चीत टेकल्या होत्या, त्या तिथंच संपल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. शेजारच्या काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बघ, किती शांत दिसत्यात." आणि नको त्या वेळी मला नको ते आठवलं. आत्यांना गप्प झालेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांना गप्प बसायला बारामतीच्या एका दातांच्या सर्जनने सांगितलं होतं.

ही गोष्ट माझ्या लग्नानंतरच्या चौथ्या की पाचव्या वर्षाची. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे, पण आत्यांना लेक नव्हती, माझा नवरा अनिल एकुलता एक. म्हणून त्या म्हशीला बोलत. म्हशीचं नाव चंद्री. मला जे सांगायचं ते चंद्रीला सांगायचं आणि आवाज असा लावायचा की स्वयंपाकघरात माझ्यापर्यंत पोचावं. मी रोज कळसहून एसटीने बारामतीला शिकवायला जायची, अनिलची एमआयडीसीत पाळ्यांची नोकरी. दोघांचीही ओढाताण व्हायची, म्हणून आम्ही बारामतीत एक फ्लॅट बघितला. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. बोलणं सगळं चंद्रीशी. "व्हय गं चंद्रे, तुला बी आता तिसऱ्या मजल्यावर गोठा पाहिजे आसंल." चंद्री रवंथ करत सगळं ऐकून घेई. दूध मात्र तिने कधी कमी दिलं नाही. घरात निर्णय अडला होता. अनिल म्हणायचा, आई मनापासून हो म्हणाली तरच जायचं. आणि आत्यांच्या तोंडून हो निघेल असं चिन्ह कुठंच दिसत नव्हतं.

त्यातच माझा उजवा गाल सुजला. तोंड उघडेना, भाकरीचा तुकडा आत जाईना. एक्स-रे काढला तर खालची अक्कलदाढ हिरडीत चक्क आडवी झोपलेली. ती साधी उपटून निघणार नाही, सर्जनच लागेल, असं दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं. सोबत घरचं कुणीतरी हवं होतं. अनिलला चप्पल चावून टाचेला रक्त आलं तरी भिंत धरावी लागते, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी गोठ्यातून आवाज आला, "चंद्रे, उद्या मी हितं न्हाय. दावणीला गपगुमान उभी ऱ्हा."

सर्जन म्हणजे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. आत्यांनी त्यांना आधी त्यांचं गाव विचारलं, मग लग्न झालंय का ते, आणि मग मुद्द्याचं. अक्कलदाढ काढल्यावर अक्कल कमी होते का? कारण हिला कॉलेजात शिकवावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी अगदी गंभीरपणे सांगितलं, नाही होत. आत्यांनी क्षणभर विचार केला. "मग वाढती का?"

त्या असं बोलत असताना बाईंचं लक्ष आत्यांच्या हाताकडे होतं. बोलताना आत्या डावा गाल तळहाताने दाबून धरत. आम्हाला ती त्यांची लकबच वाटायची. बाईंनी गोडीगुलाबीने त्यांना तोंड उघडायला लावलं, तर वरची अक्कलदाढ किडून हलायला लागलेली. लवंगा दाबून आणि मशेरी घासून त्यांनी ते दुखणं कितीतरी महिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, सहज निघेल, रक्तदाब आणि साखर तपासून आजच काढू. आत्यांनी पदर सावरला आणि जाहीर केलं की आपण फक्त सोबतीला आलोय.

माझी पाळी आली तेव्हा त्या बाहेर जायला तयार होईनात. शेवटी बाईंनी त्यांना तोंडाला मास्क लावून माझ्या पायाशी उभं केलं. भुलेमुळे दुखत नव्हतं, पण आवाज सगळा कळत होता. दाढेचे तुकडे करून काढावे लागले. जबड्यात कडकन वाजलं तशी माझ्या पायाचा अंगठा कुणीतरी घट्ट धरला. "बाई, जरा हळू," आत्या म्हणाल्या. "आमची हाय ती." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुखतंय समजून बाईंनी अजून थोडी भूल दिली.

मी उठले तर आत्या खुर्चीत चढून बसलेल्या. परत हेलपाटा कोण घालणार, म्हणाल्या. तपासण्या ठीक निघाल्या, आणि त्यांची दाढ माझ्यापेक्षा कितीतरी लवकर निघाली. नंतर बाईंनी सूचना दिल्या. कापूस दाबून धरा, थुंकू नका, मशेरी बंद, गार आणि मऊ खा, दोन दिवस शक्यतो बोलू नका. शेवटचं वाक्य त्या फक्त आत्यांकडे बघून बोलल्या.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो, मी उजवीकडे सुजलेली, त्या डावीकडे. कुठं जायचं ते एकीलाही सांगता येईना. कंडक्टरने आळीपाळीने दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "सासू-सुना का?" आम्ही माना हलवल्या. त्याने पुढं काही विचारलं नाही. मी पर्समधला जुना पास दाखवला, तेव्हा तिकिटं फाडली.

घरी मामांनी ताकात कालवलेल्या कण्या आमच्यापुढे ठेवल्या. मामा म्हणजे घरातला मुका माणूस. व्हय आणि न्हाय, एवढ्यावर त्यांचा संसार झालेला. अनिल दुसऱ्या पाळीला गेला होता. मामांनी एकदा आत्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, दोघींच्या तोंडात कापूस असल्याची खात्री करून घेतली आणि बोलायला लागले. आधी सांगितलं की त्यांना वांगं आवडत नाही, कधीच आवडलं नव्हतं. मग विहिरीच्या मोटारीवरून झालेल्या एका जुन्या भांडणात चूक कुणाची होती ते सांगितलं. आत्या डोळे वटारत होत्या, हातवारे करत होत्या. मामा आपल्या तंद्रीत पुढं जात होते. आणि जाता जाता ते फ्लॅटवर आले.

"हिला बी जायचं हुतं, वैशाली. मी भवानीनगरला कारखान्यात लागलो तवा खोली मिळाली हुती तिथं. हिनं सगळं सामान बांधलं हुतं… माझी आई दारात बसून रडाय लागली. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. हिनं गपचिप सामान सोडलं."

आत्यांचे हातवारे थांबले. त्या वाटीत बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडातला कापूस काढला, मामांनी मुद्दाम आणलेलं आइस्क्रीम उचललं, अर्धं माझ्या वाटीत ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून आपलं खायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढायला बसले होते. मागून आत्यांचा आवाज आला आणि सवयीप्रमाणे मी तो चंद्रीसाठी आहे असं धरलं. "तुला इचारतीय मी. त्या फ्लॅटात ऊन येतं का?"

मी म्हटलं, गॅलरीत येतं, सकाळचं.

"मग जावा. मिरच्या वाळवायला येत जाईन मी."

दिवाळीनंतर आम्ही बारामतीला आलो. मामा पुन्हा व्हय-न्हायवर गेले. घरात वांगं मात्र त्यानंतर शिजलं नाही. एकदा बाजूला घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, हिच्या अजून किती दाढा राहिल्यात.

आत्या दर गुरुवारी बाजाराच्या निमित्ताने यायच्या. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार नीट लागलं नाही की आतून रेकॉर्डमधली एक बाई "कृपया दरवाजा बंद करें" म्हणत राहते. कुणी बोललं तर उत्तर द्यावं, ही आत्यांची रीत. त्या दार ओढून म्हणायच्या, "केला गं बाई, किती येळा सांगशील." वरच्या मजल्यावरचे लोक हसायचे.

आत्यांचं दिवसकार्य झाल्यावर आम्ही मामांना इकडे घेऊन आलो. चंद्रीला शेजाऱ्यांनी सांभाळायला घेतलं. सामान घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, अनिलने जाळी लोटली, ती अर्धवट राहिली. ती बाई बोलायला लागली. आम्ही दोघं खाली बघत उभे होतो, कुणाचाच हात पुढं होईना… मग मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली, जाळी ओढून घट्ट लावली आणि हळूच म्हणाले, "केला गं बाई… किती येळा सांगशील."