सोमवारी पुन्हा खांबावर

शॉक बसल्यावर मी बरेच दिवस घरी होतो. डाव्या तळहाताची कातडी भरून आली, बोटं पुन्हा मिटायला लागली आणि डॉक्टरांनी सोमवारपासून कामावर जा म्हणून सांगितलं. मी वीज खात्यात वायरमन. शहाद्याच्या आसपासची गावं आणि मळे माझ्याकडे. काम नवं नव्हतं, पण आता मला घरातल्या पंख्याचं बटण दाबायचीही हिंमत होत नव्हती. मुलीला हाक मारून दाबायला लावायचो आणि तिला वाटायचं, बाबांचा हात दुखतोय.

त्या सोमवारी सकाळी आमच्या साहेबांचा मेसेज आला. उगवत्या सूर्याचं चित्र, खाली लिहिलेलं, ‘नवा आठवडा, नवी ऊर्जा, प्रसन्न मनाने सुरुवात करा.’ मी तो दोनदा वाचला. मन प्रसन्न करून पाहिलं. आरशासमोर उभा राहून हसलोही. पण शर्टाचं बटण काजात जाईना.

बायको चहा घेऊन आली. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “भेव लागी ऱ्हायना का तुमले?”

“नही वं,” मी म्हणालो. तिने माझी बटणं लावून दिली.

पहिलंच काम प्रकाशा गावाजवळच्या एका मळ्यात निघालं. केळीच्या बागेलगत खांबावरची तार तुटली होती. माझ्याबरोबर माझा जुना सोबती होता, वयाने मोठा. मला शॉक बसला त्या दिवशीही तोच खाली उभा होता. कमरेच्या पट्ट्याला लोंबकळलेलं माझं अंग त्यानेच खाली उतरवलं होतं.

त्याने ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा पुरवठा बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि खिसा थोपटून मला दाखवला. “चढ आते.”

मी पट्टा बांधला आणि शिडीवर चढलो. अर्ध्यात पोहोचलो आणि मळ्यातल्या घराच्या ओसरीवर जनरेटर दिसला. मी तिथेच थांबलो. त्या दिवशीही आम्ही पुरवठा बंद केलेलाच होता. एका घराचा जनरेटर मात्र चालू होता आणि त्याची वीज उलटी आमच्या तारेत आली होती. विचारलं तेव्हा त्या घरचे म्हणाले होते, बंद आहे.

मी वरूनच ओरडलो, “जनरेटर बंद शे का?”

“बंद शे, बंद शे!” मळ्याचा मालक म्हणाला.

तेच शब्द. मी शिडीला मिठी मारून डोळे मिटले. मग एकेक पायरी चाचपत खाली उतरलो.

मालक वैतागला. “काय झायं? केळीले पाणी देवानं शे माले!”

सोबती मध्ये पडणार होता, पण मीच बोललो. “माले भेव लागी ऱ्हायना, भाऊ.” आणि तळहात त्याच्यासमोर धरला. असं मोठ्याने मी घरीही बोललो नव्हतो.

मालकाने हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. वळून ओसरीवर गेला, जनरेटरची वायर पूर्ण सोडवली आणि वेटोळं करून खांबाच्या बुडाशी आणून टाकली. “आते?”

सोबत्याने लांब दांडीचा टेस्टर तारांवर लावून दाखवला. तारा जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी त्याने मी विचारायच्या आतच ओढून पाहिली आणि तो म्हणाला, “मी आठेच शे. तुले वाटी तव्हय खाले उतरजो.”

मी पुन्हा चढलो. भीती कमी झाली होती असं म्हणता येणार नाही. ती माझ्याबरोबर एकेक पायरी वर येत होती. तारेजवळ पोहोचल्यावर हातमोजा असूनही हात पुढे होईना. खाली केळीची पानं फडफडत होती आणि मला प्रत्येक आवाजात ठिणगी ऐकू येत होती. शेवटी मुलीचं नाव घेतलं आणि तार धरली.

काहीच झालं नाही. नुसती थंड तार.

मी जोड बसवला, नट आवळले. पाना एकदा सुटून खाली पडला, सोबत्याने तो दोरीने वर पाठवला. खाली आल्यावर बांधावर बसलो आणि सकाळचा चहा ओकून टाकला. सोबत्याने माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फ्यूज बसवले, मोटर सुरू झाली आणि मालकाने हात जोडले. मला हात जोडायचीही ताकद नव्हती.

दुपारी शेजारच्या गावाहून फोन आला. तिथेही तार तुटलेली. सोबत्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, “दुसराले धाडू का?”

मी पट्टा उचलून खांद्यावर टाकला. मग म्हणालो, “नको, जाऊत आपण. पण पहिले ईचार, जनरेटर कोनकोनाकडे शे.”