माझ्या आतड्याची खातेनिहाय चौकशी

“ॲडेनोकार्सिनोमा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी अशी मान डोलावली, जणू हा माझा शाळेतला वर्गमित्र होता.

ॲडेनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर. माझा मोठ्या आतड्यात होता, डावीकडे, सिग्मॉइड नावाच्या वळणावर. शेजारी बसलेल्या सुनंदानं, माझ्या बायकोनं, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मी विचारलं, “मॅडम, फाइल माझीच आहे ना?” त्यांनी फाइल फिरवून नाव दाखवलं. माझंच होतं, स्पेलिंगसकट.

दोन महिन्यांपासून शौचाला रक्त जात होतं. मी त्याला मूळव्याध ठरवलं होतं. न्यायाधीश मी, साक्षीदार मी. तुमच्यापैकी कोणी असाच निकाल देऊन घरी बसला असेल, तर कृपा करून उठा आणि तपासून घ्या. हे तुम्हाला गणेशोत्सवातल्या नाटकांत तीन वेळा मेलेला माणूस सांगतोय. स्टेजवर मरण फार सोपं असतं, टाळ्याही पडतात.

कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या दारानं कॅमेरा घालून आतडं पाहणं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट औषध लिटरनं प्यावं लागतं. त्या दिवशी आमच्या घराच्या एकाच खोलीत माझा मुक्काम होता आणि तिला खिडकी नव्हती. खुद्द तपासणीत काहीच दुखलं नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळतोय. नळ्यांत कॅमेरा घालून आतला गंज बघणं हेच माझं काम. नळ्यांनी शेवटी माझ्यावर सूड उगवला.

आता माझा मूर्खपणा सांगतो. आमच्या कारखान्यात नळी फुटली की बिघाड अहवाल भरतात. त्यात ‘कारण’ आणि ‘जबाबदार व्यक्ती’ असे दोन रकाने असतात. एकही कोरा राहिला तर साहेब कागद परत पाठवतात. निदान झाल्याच्या संध्याकाळी मी सवयीनं असाच एक फॉर्म काढला. बिघाड : आतडं. कारण : तंबाखू-सुपारीचा खर्रा (सोडून नऊ वर्षं), रात्रपाळी, वडिलांचं घराणं. घरातलं गंभीर वातावरण जरा हलकं करावं, एवढाच हेतू होता.

तेवढ्यात नागपूरच्या महाल भागातून माझी थोरली बहीण कुसुमताई आली. फॉर्म वाचून म्हणाली, “आन् तर्री काहून नाही लिहिली गा? दर रविवारी इतकी झणझणीत तर्री खाऊन आतडं जळणार नाही तं काय होईल? काय वं सुनंदा, तुले कितीदा सांगितलं होतं, तेल कमी टाकत जाय म्हणून!”

मला हशा हवा होता. मी पेन उचललं आणि ‘जबाबदार व्यक्ती’च्या रकान्यात झोकात लिहिलं : सौ. सुनंदा. ताई हसली. मी हसलो.

सुनंदा हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताटात उकडलेला दुधीभोपळा आला. मसाल्याचा डबा शेजारणीकडे गेला. ती स्वतः अर्ध्या पोळीवर उठू लागली. मी म्हटलं, “अगं, गंमत होती ती.” ती म्हणाली, “हो जी,” आणि भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

मग सीटी स्कॅन झाला. शरीराचे पातळ काप केल्यासारखी चित्रं काढून आजार पसरलाय का, हे त्यात बघतात. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. वेटिंग रूममध्ये मी शेजारच्या चार पेशंटना हसवलं. सुनंदाला हसवणं काही जमलं नाही. माझ्या पोटात एक गाठ होती आणि तिच्या पोटात मी घातलेली दुसरी.

आजार पसरलेला नव्हता. ऑपरेशनच्या आधी मॅडमनी विचारलं, “काही शंका?” माझ्या अकरा शंका होत्या. सुनंदाची एकच.

“मॅडम, माह्या हातच्या खाण्यानं झालं का हे यायले?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“ताई, डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीनं कसं वागायचं, याची आतच ठेवलेली सूचना. तिच्यावर रोज हजारो ओरखडे पडतात, काही न करताही पडतात. शरीरातलं पाणीच तिला हळूहळू झिजवतं. अन्नापासून ऊर्जा करताना ठिणग्या उडाव्यात तशी जहाल रसायनं तयार होतात, तीही तिला लागतात. शिवाय एका पेशीच्या दोन होताना सूचनेची नक्कल होते, त्यातही चुका होतात.”

“मंग सगळ्याइले काहून नाही होत?”

“दुरुस्ती करणारी प्रथिनं चोवीस तास कामावर असतात म्हणून. जवळपास सगळं निस्तरतात ती. एखादी चूक सुटते. अशा सुटलेल्या चुका वर्षानुवर्षं साचतात. सूचनेतला जो भाग वाढीला लगाम घालतो, त्यात नेमक्या साचल्या तर कॅन्सर होतो. इतर ठिकाणी पेशी थकतात, थांबतात, मरतात. म्हातारपण येण्याचं तेही एक मोठं कारण. तंबाखू, दारू, रोजचं मटण यांनी धोका वाढतो, ते मी नाकारत नाही. पण यांचा कॅन्सर अमुकच गोष्टीनं झाला, असं मलाही सांगता येणार नाही. तुमच्या भाजीचं नाव तर मी मुळीच घेणार नाही.”

मी खिशातला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हे तुम्ही लिहिलं? उद्या तुम्हाला भूल द्यायची आहे, म्हणून आज काही बोलत नाही.”

सुनंदानं फॉर्म उचलला, चार तुकडे केले आणि कोपऱ्यातल्या पिवळ्या डब्यात टाकले. त्या डब्यात संसर्गजन्य कचरा टाकतात. तिची निवड अगदी अचूक होती. तिथंच, मॅडमच्या समोर, मी तिची माफी मागितली. नाटकातल्यासारखे संवाद पाठ नव्हते.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडली. आठवड्यानं पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. लिम्फ नोड्स, म्हणजे आजार सहसा जिथून पुढं सरकतो त्या गाठी, सगळ्या स्वच्छ. केमोथेरपीची गरज नाही. ठरलेल्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. मी मॅडमना वाकून नमस्कार करायला गेलो, टाक्यांनी तो अर्ध्यावरच थांबवला.

आता आरशात पांढरे केस दिसले की मी चिडत नाही. एवढी वर्षं आत कोणीतरी बिनपगारी, न बोलता दुरुस्ती करत आलंय, आणि मी त्यांची कधी साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. एक चूक त्यांच्याकडून सुटली, ती मॅडमनी काढली. दोघांचेही उपकार मानतो.

गेल्या रविवारी कुसुमताई आली. आमच्या घरात पुन्हा फोडणीचा वास होता, माझ्यासाठी सौम्य, बाकीच्यांसाठी नेहमीचा. ताईनं झाकण उचललं आणि सुरू झाली, “आता तरी हात आवर वं सुनंदा. एवढं होऊनबी—”

“ताई,” सुनंदा रस्सा ढवळत म्हणाली, “तुमचे केस पिकले, गुडघे गेले, ते कोनाच्या तर्रीनं जी?”

ताईनं झाकण खाली ठेवलं. मी हसू दाबताना टाक्यांची जागा धरून बसलो. मग ताईच हसली, आणि ताट पुढं केलं.

त्या दिवशी सुनंदा दोन पोळ्या जास्त जेवली. मी मोजत होतो.