आई ऑफलाइन जाते

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी माझी आई वारली. म्हणजे माझ्या फोनचं तसं म्हणणं होतं, आणि त्या काळात मी फोनवर जितका विश्वास ठेवत होतो तितका आईवरसुद्धा ठेवत नव्हतो.

आई आष्टीला एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला पुण्याला चल म्हणून पुष्कळ विनवलं. ती आलीही होती, पण "तुमच्याकडं खिडकीतून बघितलं की दुसऱ्याची खिडकीच दिसती" असं म्हणून परत गेली. मग मागच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ तिला उठता आलं नव्हतं. हे मला कळलं कितीतरी दिवसांनी, तेही शेजारच्या भागवतमामांकडून. तेव्हापासून मला एकच भीती. आई पुन्हा पडेल, हाका मारेल, आणि मी पुण्यात बसून पोहे खात असेन.

घाबरलेला माणूस खरेदी फार मन लावून करतो. मी एका कंपनीकडून अख्खी योजनाच घेतली. स्वयंपाकघरात कॅमेरा, मनगटावर नाडी मोजणारा पट्टा, आईच्या अंगठ्यानं नाहीतर माझ्या फोननंच उघडणारं दाराचं कुलूप (चोर काय, देवसुद्धा आत येऊ शकणार नाही, असं बसवणारा माणूस म्हणाला होता), आणि हे सगळं माझ्या फोनला जोडणारा वायफायचा डबा. शिवाय रोज सकाळी रक्तदाब बघायला सुमनताई. सगळं बसवून झाल्यावर मी आईला बजावलं, "यातलं एक जरी बंद पडलं ना, तर मी काही ऐकणार नाही. सरळ पुण्याला नेणार."

आईनं एकेका यंत्राकडं नीट बघितलं. "चालू राहतील की," ती म्हणाली. "मी घेईन त्यांची काळजी."

(काळजी त्यांनी हिची घ्यायची होती. पण मी म्हटलं, वाद कशाला.)

तर त्या सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. आमच्या वॉचमननं लिफ्टच्या दाराला झेंडूची माळ बांधली होती, ती डोक्यात अडकली म्हणून मी त्याच्यावर चिडलो, आणि तेवढ्यात फोन थरथरला. 'नाडी आढळत नाही.'

मी घाबरलो नाही. आंघोळीच्या वेळी आई पट्टा काढते, हे मला ठाऊक होतं. फक्त खात्री करावी म्हणून कॅमेरा उघडला. स्वयंपाकघर रिकामं. चूल बंद. आणि मग बाजूनं एक हात आला. भला मोठा, मनगटापासून बोटांपर्यंत पिवळाधमक हात! तो कॅमेऱ्याच्या दिशेनं सरकत आला, चित्र हललं, छत दिसलं, फरशी दिसली, आणि काळोख झाला. मग एकेक करून सगळंच गेलं. कॅमेरा ऑफलाइन. पट्टा ऑफलाइन. कुलूप ऑफलाइन. आईचा मोबाइल लावला, तर तो बंद.

आता मात्र मी घाबरलो. कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलायची.

"सर, शेवटचं काय दिसलं तुम्हाला?"

"हात. पिवळा पडलेला हात."

"अच्छा. आईंना कावीळ आहे का सर?"

मी फोन कापला. सुमनताईंना लावला, तर सणाची सुट्टी घेऊन त्या माहेरी गेलेल्या. माझी बायको वैशाली खाली आली तेव्हा मी गाडीत बसलो होतो आणि गाडीची किल्ली समजून घराची चावी फिरवत होतो. तिनं मला बाजूला सरकवलं आणि गाडी स्वतः काढली. वाटेत मी खिडकीबाहेर बघून आईशी बोलत होतो, असं ती सांगते. मला ते आठवत नाही. आईशिवाय आष्टी कशी दिसेल हे मला डोळ्यांपुढं आणताच येत नव्हतं.

भागवतमामा कसेबसे फोनवर मिळाले. ते धावत आईच्या दारात गेले.

"दार बंद हाय दिलीप. लई हाका मारल्या, तुझी आई ओ देईना."

"मामा, ती आत पडलीय. दार फोडा. तुमची पहार आणा आणि कुलूप तोडा."



"पहार? आज?"

"आज नाही तर कधी?"

"आरं, पहारीला आज हळदकुंकू वाहिलंय. आज तिला उचलत न्हाईत."

माझी आई दाराआड पडलेली, आणि इकडं पहारीची रजा! मी मामांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. (मामांनी नंतर त्यातलं एक वाक्य सगळ्या गल्लीला म्हणून दाखवलं.) मागं गर्दीत चर्चा चालू झालेली ऐकू येत होती. कुऱ्हाड चालेल का? न्हाई, ती पण पूजेत हाय. हातोडा? तो पण. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण भीतीपुढं माझं डोकं चालत नाही आणि एरवीही फारसं चालत नाही. शेवटी कोणाच्या तरी घरचा वरवंटा आणला. वरवंट्याचे घाव मी फोनवर ऐकत होतो आणि प्रत्येक घावाला वैशालीचा दंड दाबत होतो.

"फुटलं," मामा म्हणाले. पावलं वाजली. भांडं पडलं.

"मामा, आई?"

"घरात कोणीच न्हाई रं."

आणि रेंज गेली.

बंद घर, आत आई नाही. याहून वाईट काय असतं हे मी उरलेल्या वाटेत शोधत राहिलो आणि दर वळणाला मला नवीन काहीतरी सापडत गेलं. मागची विहीर आठवली तेव्हा वैशालीनं मला पाणी पाजलं.

गल्लीत शिरलो तर दारात ही गर्दी. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मला बघून सगळे बाजूला झाले. माणसं अशी वाट करून देतात तेव्हा काय झालेलं असतं, हे काय मला सांगायला हवं? मी ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलो.

"माझ्या दारात समदे कावून उभे हायेत?"

आवाज गर्दीच्या मागून आला. इरकली नेसलेली, कपाळाला मळवट, हातात प्रसादाची वाटी घेतलेली आई कोपरानं वाट काढत पुढं आली. आधी तिनं मला बघितलं, मग दार.

"दार कोणी फोडलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आई, तू होतीस कुठं?"

"देवीच्या होमाला गेलते. आज नवमी न्हाई का?"

"आणि फोन? पट्टा? कॅमेरा?"

"हायेत की. देवापुढं."

आत गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यापुढं लाल कापड अंथरलेलं. त्यावर वडिलांचा विळा, खुरपं, अडकित्ता, आणि त्यांच्या शेजारी ओळीनं कॅमेरा, पट्टा, मोबाइल, वायफायचा डबा. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तर कुंकू असं नेमकं लागलं होतं की त्याला आता जन्मभर सगळं लाल दिसावं. खंडेनवमी! घराघरांत अवजारं पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. लहानपणी मी स्वतः कंपासपेटी ठेवायचो तिथं, अभ्यास टळावा म्हणून.

"वर्षभर राबतेत बिचारी," आई म्हणाली. "रात्री पण दिवे चालूच. एक दिवस आराम नको का?"

"अगं, पण मला सांगायचंस तरी. मी मेलो होतो भीतीनं."

आईनं प्रसादाची वाटी देवापुढं ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "तूच म्हणलतास, एक जरी बंद पडलं तर पुण्याला नेणार. मला न्हाई जायचं रं दिल्या. म्हणून तर नीट पूजा केली. चालू राहावीत म्हणून."

माझा शर्ट घामानं भिजला होता. आईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. मला तिथंच खाटेवर आडवं केलं. मग ती देव्हाऱ्याकडं वळली, पट्ट्याला हात जोडले, "माफ कर बाबा, पोराचं बघू दे," असं पुटपुटली आणि फूल बाजूला काढून तो पट्टा माझ्या मनगटावर बांधला. "वैशाली, त्यो डबा लाव गं. बघू तरी ह्याचं काय म्हणतोय."

वैशालीनं डबा लावला. पट्टा जागा झाला, चिवचिवला, लाल झाला, आणि माझा फोन वाजला. मी तो कसाबसा स्पीकरवर टाकला.

"सर, अभिनंदन! आईंची नाडी सापडली," कंपनीची मुलगी म्हणाली. "पण ठोके फारच वाढलेत. खूप घाबरल्यात त्या. त्यांना एकटं ठेवू नका सर. जवळ कोणी जबाबदार माणूस आहे का?"

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"हाय की," ती म्हणाली. "मी हाय."